मालकाच्या बाजूची खुर्ची

आमच्या कारखान्यात कुणाला मेमो मिळाला की तो आधी संडासात जाऊन एकट्याने वाचायचा आणि मग घडी घालून खिशात टाकून माझ्याकडे यायचा. माझ्याकडे म्हणजे पॅकिंग विभागात, तीन नंबरच्या मशीनपाशी. मी हात पुसायचो, चष्मा लावायचो आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "सही करण्याआधी वाचलास?" दहातले नऊ मान खाली घालायचे. दहावा छाती काढून म्हणायचा, "सहीच केली ना! फाडून उडयलो!" सही न करताच मेमो फाडून फेकणाऱ्या या दहाव्याला वाचवणं सगळ्यात कठीण.

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतला तो औषधं पॅक करण्याचा कारखाना. घर माझं पेडण्यातल्या पार्स्याला, म्हणजे जाताना दोन बस, येताना दोन बस. कायद्याची पदवी सोडा, कॉलेजची पायरीही मी चढलो नाही. पण अक्षर चांगलं, आणि वाद घालण्याची खोड जन्मजात. त्यामुळे युनियनने माझ्या गळ्यात एक काम घातलं, ते निवृत्त होईपर्यंत सुटलं नाही आणि नंतरही सुटलं नाही. कामगारावर आरोप ठेवून कंपनी चौकशी बसवते, तेव्हा त्याच्या शेजारी बसून त्याची बाजू मांडायची. लोक मला वकीलबाब म्हणायला लागले. म्हापशाच्या बसचा एक कंडक्टर तर मला खराच वकील समजून वर्षभर आपल्या बागायतीच्या वाटणीबद्दल सल्ला विचारत होता. मीही दिला.

बाहेरच्यांना ही चौकशी म्हणजे काय ते ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. कामगाराला काढून टाकायचं तर मालकाला नुसतं "जा" म्हणता येत नाही. आधी आरोपपत्र द्यावं लागतं, मग त्याचा खुलासा घ्यावा लागतो, मग एक चौकशी अधिकारी नेमावा लागतो. हा अधिकारी बाहेरचा, निःपक्षपाती वगैरे, पण त्याचा चहा आणि मानधन दोन्ही कंपनीकडून. एका बाजूला कंपनीचा माणूस, दुसऱ्या बाजूला कामगार आणि मी. साक्षी, उलटतपासणी, प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या. कोर्टाचं नाटकच ते, फक्त काळे कोट नसतात आणि पंखा आवाज करतो.

मला हे काम शिकवलं वास्कोच्या बंदरात आयुष्य काढलेल्या एका जुन्या पुढाऱ्याने. दर रविवारी तो आमचे वर्ग घ्यायचा. कायद्याची कलमं त्याला पाठ नव्हती, पण एक वाक्य तो प्रत्येक वर्गात सांगायचा. "तोंडान उलयल्लें वाऱ्यार वता. कागद उरता." तोंडचं बोलणं वाऱ्यावर जातं, कागद मागे राहतो. पगारवाढीचं आश्वासन असो की दिलगिरी, कागदावर घ्या. मी ते वाक्य इतक्या जणांना ऐकवलं की पुढे ते माझंच म्हणून सांगितलं जाऊ लागलं, आणि मी ते नाकारलंही नाही.

कागद आपल्यावरही उलटतो हे त्याने सांगितलं नव्हतं, ते मी जयवंताच्या प्रकरणात शिकलो. जयवंत आमचा लेबल लावणारा. तो खोक्यांना टेकून झोपलेला असताना सुपरवायझरने मोबाईलवर फोटो काढला. फोटोत त्याच्या डोक्यावर भिंतीवरचं घड्याळ स्पष्ट दिसत होतं, आणि त्यात वाजले होते सव्वाएक. आमची जेवणाची सुट्टी एक ते दीड. मला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. उलटतपासणीत मी सुपरवायझरला घड्याळ दाखवलं, वेळ वाचायला लावली, चौकशी अधिकाऱ्याला ती लिहून घ्यायला लावली. समोर कंपनीतर्फे कामतबाब बसले होते. कामतबाब आमचे पर्सोनेल मॅनेजर, मडगावचे, पांढरा शर्ट आणि कधीही न चढणारा आवाज. त्यांनी शांतपणे फाईल उघडली आणि युनियनचं एक पत्र पुढे सरकवलं. "पॅकिंग विभागातले घड्याळ गेले चार महिने सव्वाएकवर बंद पडले असून व्यवस्थापनाचे याकडे दुर्लक्ष आहे." खाली सही माझी. अक्षर, अर्थातच, सुरेख.

जयवंताचं दोन दिवस निलंबन झालं. त्याने मला आयुष्यभर त्या घड्याळावरून छळलं. माझ्या निवृत्तीच्या समारंभात त्याने मला भेट काय दिली असेल, ते सांगायची गरज नाही. ते घड्याळ अजून माझ्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, टांगलेलं आहे आणि बरोबर चालतं.

दुसरं प्रकरण मात्र मी जिंकलेलं, त्यामुळे ते जरा सविस्तर सांगतो. पांडुरंग हा धोंड. धोंड म्हणजे देवीच्या जत्रेचा व्रतस्थ भक्त. जत्रेआधीचे काही दिवस तो घर सोडून इतर धोंडांबरोबर राहतो, सोवळ्यात शिजवलेलंच खातो. डिचोलीकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण आमचा नवा फॅक्टरी मॅनेजर बाहेरून आलेला होता. ऐन ऑर्डरच्या दिवसांत पांडुरंग पाच दिवस गैरहजर, वर रजा नामंजूर केल्यावर "साहेब, देवीक नाका म्हणून सांगूक माका जमचें ना" असं, म्हणजे देवीला नको म्हणणं जमणार नाही, असं बोलून गेलेला. आरोप दोन: विनापरवाना गैरहजेरी आणि वरिष्ठांची अवज्ञा.

मी सुपरवायझरला एवढंच विचारलं. गेल्या वर्षी या दिवसांत पांडुरंग कुठे होता? जत्रेला. त्याच्या आदल्या वर्षी? जत्रेला. मेमो दिला होतात? नाही. का नाही? "दरवर्सा वता तो." मग यंदा काय बदललं, देवी की मॅनेजर? चौकशी अधिकाऱ्याने रुमाल काढून नाक पुसायचं निमित्त केलं. मग मी माझं आवडतं भाषण केलं: जी गोष्ट मालक वर्षानुवर्षं चालू देतो ती प्रथा होते, आणि प्रथा हाही करारच, त्याला लेखी कागद लागत नाही. पांडुरंग सुटला. कामतबाब बाहेर येऊन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वकीलबाब, एक दिवस तुम्ही आमच्या बाजूला बसा हो. मजा येईल." मी म्हटलं, त्या बाजूची खुर्ची मला टोचेल. तेव्हा ते बोलणं मला फार झकास वाटलं होतं.

या अंकाच्या संपादकांनी गमतीदार अनुभव मागितले होते. दोन दिले. तिसरा मी युनियनच्या कुठल्याही सभेत सांगितलेला नाही.

आमच्या भागाची एक तऱ्हा आहे. खाणी चालू होत्या तेव्हा डिचोलीत अंगणात तुळस असायची आणि तुळशीशेजारी ट्रक. दिवसा दुसऱ्याच्या कारखान्यात कामगार आणि घरी एका ट्रकचा मालक, अशी माणसं आमच्याकडे पैशाला पासरी, आणि त्यात युनियनवालेही भरपूर. मोप्याच्या पठारावर विमानतळाचं काम सुरू झालं, माती आणि चिरे वाहायला गाड्या कमी पडू लागल्या, तेव्हा मीही कर्ज काढून एक जुना टिपर घेतला. म्हातारपणाची सोय म्हणून. सकाळी कारखान्याच्या गेटवर "कंत्राटी कामगारांना कायम करा" अशी घोषणा द्यायची आणि संध्याकाळी घरी येऊन ड्रायव्हरला उद्याच्या खेपा सांगायच्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे मला सात वर्षांत एकदाही सुचलं नाही. खोटं कशाला सांगू, एकदोनदा सुचलं असेल, पण मी ते बसमध्येच सोडून उतरलो.

ड्रायव्हर दत्ताराम. बांद्याच्या पलीकडचा, सिंधुदुर्गातला, चाळिशीचा माणूस. घरी बायको, दोन मुली, थोडी भातशेती. गाडी अशी हाकायचा की घाटीवर भरलेला टिपर असूनही मागच्या मोटारसायकलवाल्याला हॉर्न वाजवावासा वाटू नये. पावसात चिरेखाणी बंद असतात, टिपर उभा राहतो. त्या दिवसांत दत्ताराम माझी छोटी गाडी चालवायचा. निवृत्तीनंतर माझे गुडघे बसच्या पायऱ्यांना जुमानेनात आणि युनियन तर सल्ल्याला बोलवायचीच. मग दत्ताराम मला लेबर ऑफिसात घेऊन जायचा, बाहेरच्या बाकावर बसायचा, उघड्या दारातून सगळं ऐकायचा. परतताना मी त्याला समजावून सांगायचो: सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचायची. मालक घाई करील, करू दे. कागदाची प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. तो "होय भाऊ, होय भाऊ" करत गिअर बदलायचा. त्याचं हे बाकावरचं बसणं कामात धरायला हवं होतं, हे माझ्या ध्यानात बरंच नंतर आलं.

गेल्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता तो एक दिवस बाल्कांवाच्या पायरीवर येऊन उभा राहिला.

"भाऊ, माका एक कागद होयो."

"कसला?"

"अनुभवाचो. मोप्यार एका कंपनीत ड्रायव्हर घेतत. कायम. सलग पाच वर्सां खय काम केलास, ता मालकाकडसून लिवन आणूक सांगल्यानी."

मी चहाचा कप खाली ठेवला. कायम नोकरी म्हणजे दत्तारामाला फंड, रजा, मुलींना दवाखान्याचं कार्ड. हे शब्द मी दुसऱ्यांसाठी इतकी वर्षं ओरडत आलो होतो. आनंद व्हायला हवा होता. पण डोक्यात पहिला विचार आला तो असा की आता चिरेखाणी सुरू होतील आणि मला ड्रायव्हर कुठून मिळेल? आणि दुसरा विचार आला तो वकीलबाबाचा. सलग सात वर्षं माझ्याकडे नोकरीला, असं मी माझ्या सहीने लिहून दिलं तर तो कागद उरतो. उद्या त्याच कागदावर बोट ठेवून कुणी विचारील, मग याची रजा कुठे, ग्रॅच्युइटी कुठे, नेमणूकपत्र कुठे? असा कागद मालकाकडून कसा काढून घ्यायचा हे मीच जन्मभर शिकवत आलो होतो, त्यामुळे तो का द्यायचा नसतो हेही मला पक्कं ठाऊक होतं.

मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी लिहून दिलं. "श्री. दत्ताराम हे माझ्या मालकीचे वाहन गरजेनुसार अधूनमधून चालवीत असत. त्यांची वर्तणूक चांगली आहे." सात वर्षं रोज सकाळी साडेसहाला अंगणात येणारा माणूस, आणि मी लिहिलं "अधूनमधून". हाच शब्द कंपन्या आमच्या कंत्राटी पोरींबद्दल वापरायच्या आणि मी टेबलावर हात आपटायचो. दत्तारामाने कागद वाचला. प्रत्येक ओळ वाचली, ओठ हलवत. मग नीट घडी घातली, "बरां भाऊ" म्हणाला आणि गेला.

कंपनीने त्याला घेतलं नाही. घेणार कसे? सलग अनुभव मागितला होता आणि कागदावर अधूनमधून होतं. त्यांच्या जागी मी असतो तरी घेतलं नसतं. दत्ताराम दुसऱ्या दिवशी साडेसहाला अंगणात आला, रेडिएटरमध्ये पाणी घातलं, गाडी काढली. पंधरा दिवस तो असाच येत राहिला. मी मात्र त्या पंधरा दिवसांत धड बसू शकलो नाही. पेपर वाचायला घ्यायचो, तीच बातमी तीनदा वाचायचो. बायको म्हणाली, "तुमकां कितें जाल्लां? येरझाऱ्या घालून सोप्याची जमीन झिजवल्यात." मी म्हटलं, पित्त झालंय.

मग एका रविवारी सकाळी, पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, पाव टाकून सायकलचा भोंपू वाजवत पुढे जावं आणि दत्ताराम यावा. हातात रेघांचा फुलस्केप कागद आणि नवं पेन.

"भाऊ, एक अर्ज लिवन देशात? लेबर ऑफिसात घालूचो आसा."

"कोणाच्या विरोधात?"

"तुमच्या."

मला आधी वाटलं थट्टा करतोय. पण दत्ताराम थट्टा करताना डोकं खाजवतो, तेव्हा तो खाजवत नव्हता. मी विचारलं, दुसरा कोणी मिळाला नाही का लिहायला?

"ऑफिसाच्या भायर एक बसता," तो म्हणाला. "पण तो वायट लिवता. कलम चुकवता. तुमीच सांगल्यात न्हय? अर्ज पयलो बरो होयो, मगे सगळा बरां होता."

मला राग आला, लाजही वाटली. पण खरं सांगतो, या दोन्हींच्या वर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे धंद्याचा माज. अर्ज माझ्याविरुद्ध असला म्हणून काय झालं, तो दुसऱ्या कुणी खराब लिहिलेला मला चालणार नव्हता. मी चष्मा लावला, पेन घेतलं आणि कुठल्याही कामगाराला विचारायचो तेच प्रश्न त्याला विचारले.

"नेमणूकपत्र?"

"ना."

"हजेरीपुस्तक?"

"ना."

"पगाराची पावती?"

"तुमी हातात देतास."

"मग पुरावा काय? उद्या मालक म्हणेल हा माझ्याकडे कधी नव्हताच."

दत्तारामाने अंगातल्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरली. "ह्यो."

आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा होते. झेंडूची माळ घालायची, नारळ ड्रायव्हरने फोडायचा आणि घरधनीण त्याला नवा शर्ट देते. सात दसरे, सात शर्ट. सगळे त्याने जपून ठेवले होते, आणि प्रत्येक पूजेचा फोटो त्याच्या बायकोच्या मोबाईलवर होता: तोच टिपर, तोच नंबर, हातात नारळ घेतलेला दत्ताराम आणि बाजूला हसणारा मी. प्रथेला लेखी कागद लागत नाही, हे भाषण मी त्याला गाडीत निदान चार वेळा ऐकवलं असेन.

बायको चहा आणि पावाचे उंडे घेऊन आली होती, ती दारातच थांबली. काय चाललंय ते तिला कळायला वेळ लागला नाही. ट्रे ठेवून म्हणाली, "सातय शर्ट म्हापशासून मीच हाडले. साक्षीक कोण होयो तर माझां नाव घाल, दत्ताराम."

मी साक्षीदार म्हणून माझ्या बायकोचं नाव घातलं.

सात वर्षांची देणी आणि खरं प्रमाणपत्र मागणारा अर्ज पुरा झाल्यावर रिवाजाप्रमाणे तो मी अर्जदाराला वाचून दाखवला. दत्ताराम मान हलवत ऐकत होता. एका ठिकाणी थांबला. मी लिहिलं होतं, "मालकाने प्रमाणपत्रात नजरचुकीने 'अधूनमधून' असा शब्द घातल्याने अर्जदाराची नोकरीची संधी गेली."

"नजरचूक झाली हुती काय, भाऊ?" त्याने विचारलं. आवाजात खवचटपणा नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं.

मी "नजरचुकीने" खोडलं आणि त्याच्या वर लिहिलं, "जाणूनबुजून". खाडाखोडीच्या शेजारी त्याची सही घेतली. त्याने प्रत मागितली, ती दिली.

पुढे रीतसर सगळं झालं. लेबर ऑफिसची नोटीस पोस्टाने घरी आली, मी पोचपावतीवर सही केली. प्रतिवादी या शब्दापुढे माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. उत्तर द्यायचं तर ते कसं देतात? मालकांची उत्तरं फोडण्यात माझं आयुष्य गेलं होतं, पण स्वतः लिहिलेलं एकही नव्हतं. शेवटी मी कामतबाबांना फोन लावला. तेही निवृत्त, मडगावात नातवंडं सांभाळतात. सगळं ऐकून घेतल्यावर पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू आलं.

"या, वकीलबाब, या. ह्या बाजूक वारो बरो येता." मग आवाज पूर्वीसारखा सपाट झाला. "पहिला मुद्दा नेहमी एकच असतो. अर्जदार हा कामगारच नव्हे. दुसरा, असलाच तर नैमित्तिक. तिसरा, घरगुती संबंधांतून शर्ट दिले, त्याला नोकरी म्हणत नाहीत. हे तुम्हाला मी सांगायला हवं?"

मी ते उत्तर लिहिलं. लिहिता लिहिता रंगत गेलो, हे कबूल करतो. शर्टांचा मुद्दा तर मी असा खोडला की कामतबाबांनी कडेवर घेतलं असतं. आणि त्याच बैठकीत दुसऱ्या कागदावर नवं प्रमाणपत्रही लिहिलं, सात वर्षांचं, खरं. दोन्ही कागद पिशवीत घातले. कुठला काढायचा ते ठरलं नव्हतं.

सुनावणीला जायचं कसं? गाडी चालवायला दत्तारामच होता. तर अर्जदार स्टिअरिंगवर आणि प्रतिवादी त्याच्या शेजारी, असे आम्ही दोघं निघालो. कोलवाळच्या पुलावर त्याने काच थोडी खाली केली, कारण मला वारा लागतो हे त्याला ठाऊक. त्याच्या अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. तिसऱ्या दसऱ्याचा की चौथ्या, ते मला आठवेना.

ऑफिसातल्या समेट अधिकारी बाई मला बऱ्याच वर्षांच्या ओळखीच्या. त्यांच्या टेबलाच्या डाव्या बाजूला कामगार बसतात, उजव्या बाजूला मालक. कुठे लिहिलेलं नाही, पण तशी प्रथा आहे. मी आत गेलो, "नमस्कार मॅडम" म्हणालो आणि सवयीने डाव्या खुर्चीवर बसलो.

"काय वकीलबाब, आज कुणाला आणलंत?" बाईंनी फाईल उघडत विचारलं.

दत्ताराम माझ्यामागे उभा होता. त्याने हळूच वाकून, चारचौघांत माझी लाज जाऊ नये एवढ्या बारीक आवाजात सांगितलं, "भाऊ, थय आज मी."

मी उठलो. टेबलाला वळसा घालून पलीकडे गेलो. उजव्या खुर्चीवर बसलो. बाईंनी अर्ज पाहिला, अक्षर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा अर्ज पाहिला. "हे तर तुमचंच अक्षर!" मी म्हटलं, हो. "आणि तुमचं उत्तर?" मी पिशवीत हात घातला. दोन कागद होते. हाताने जो काढला तो उत्तराचा निघाला, असं मी बायकोला सांगितलं. दोन्ही कागद वेगवेगळ्या रंगाच्या फायलींत होते.

बाईंनी ते मोठ्याने वाचलं. अर्जदार हा कामगार या व्याख्येत बसत नाही. अर्जदाराने केलेले काम तुरळक व नैमित्तिक स्वरूपाचे. सणाला दिलेली वस्त्रे ही आपुलकीपोटी. मी समोर पाहत होतो. इतकी वर्षं मी त्या बाजूला बसून मालकांचे चेहरे वाचत आलो होतो, कामगाराचा चेहरा समोरून कधी पाहिलाच नव्हता. दत्तारामाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. वाचून झाल्यावर त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि अगदी मनापासून म्हणाला, "बरां लिवलास, भाऊ."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर मी लढलो असतो. मला लढता येतं. मी बाईंना म्हणालो, ते उत्तर परत द्या, आणि दुसरी फाईल काढली.

समेट झाला. देणीघेणी ठरली, त्यात वाद झाला नाही. पण सही करण्याआधी दत्तारामाने नवं प्रमाणपत्र हातात घेतलं आणि वाचू लागला. एकेक ओळ, ओठ हलवत. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, किती वेळ लावतो हा! मग आठवलं की हे त्याला कुणी शिकवलं. शेवटी त्याने बोट ठेवलं. "हय 'सलग' नाय." खरंच नव्हतं. सात वर्षं होतं, सलग नव्हतं. हे विसरलो होतो की विसरलो नव्हतो, मला आजही ठरवता येत नाही. मी तो शब्द घातला आणि शेजारी सही केली.

त्याने प्रत घेतली, घडी घालून खिशात ठेवली. मग दुसऱ्या खिशातून टिपरची चावी काढून टेबलाच्या उजव्या बाजूला, माझ्यापुढे ठेवली. "मागचो डावो ब्रेक ओढता," तो म्हणाला. "नव्या ड्रायव्हराक पयलां सांगा. घाटीर सांभाळून." मला घरी सोडून तो बांद्याच्या बसने गेला. मोप्यावरची ती जागा केव्हाच भरली होती. आता तो गावाकडे दुसऱ्याचा डंपर चालवतो, असं ऐकतो. कागद चांगला आहे त्याच्याकडे. नोकरी नाही.

या दसऱ्याला बायकोने सवयीने शर्ट आणला आणि मग बराच वेळ तो हातात घेऊन उभी राहिली. बांद्याच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिला. परत आला नाही, एवढंच.

टिपरवर आता नवा ड्रायव्हर आहे. तोही सिंधुदुर्गातलाच, कष्टाळू, मान खाली घालून काम करणारा. पहिल्याच दिवशी मी त्याला बाल्कांवात बसवून नेमणूकपत्र दिलं, टाईप केलेलं. आमच्या भागात ड्रायव्हरला नेमणूकपत्र देणारा मालक शोधून सापडायचा नाही. तो बिचारा गोंधळला. "ह्या कित्याक, भाऊ? माझ्यार विश्वास नाय?" मी म्हटलं, तुझ्याच भल्यासाठी आहे. आणि पेन पुढे केलं.

पत्रात तिसऱ्या ओळीत लिहिलं आहे की ही नेमणूक अकरा महिन्यांची आहे, मुदत संपताच ती आपोआप संपेल आणि सेवेत सलगता धरली जाणार नाही. ही ओळ कशासाठी घालतात ते मी तीस वर्षं युनियनच्या वर्गात पोरांना फळ्यावर लिहून शिकवलं आहे.

त्याने वाचलं नाही. मी दाखवलं तिथे सही केली. मी त्याला थांबवलं नाही.